धर्म आणि सरकार यावर भांडायचंय? मग जरा तयारीनं भांडा

आषाढी आली, गणपती आले, रमजान आला, निवडणूक लागली की हा विषय निघतोच. डबा खाताना निघतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघतो. एक म्हणतो सरकारनं धर्मात नाक खुपसू नये, दुसरा म्हणतो मग त्यांच्यात का नाही खुपसत, तिसरा म्हणतो अमेरिकेत बघा कसं असतं, आणि तासाभरानं सगळे जिथे होते तिथेच, फक्त घसा बसलेला. मत कुणाचंच बदलत नाही त्याचं मला काही वाटत नाही, पण एवढं बोलून कुणाला काडीचं नवीन कळत नाही हे मात्र डोक्यात जातं.

तर हे त्यासाठी लिहितोय. वाद कुठून सुरू करायचा, हाताशी काय ठेवायचं, आणि कुठे समोरच्याला सरळ "बरोबर आहे तुझं" म्हणून टाकायचं. माझं मत मधेमधे डोकावेल, लपवणार नाहीये, पण तुमचं मत एकदम उलटं असलं तरी यातलं बरंचसं तुमच्याही कामाचं आहे.

आधी प्रश्न फोडा

"धर्म आणि सरकार वेगळे असावेत की नाही" हा प्रश्न असाच्या असा घेऊन बसलात तर संपलं. याच्या पोटात निदान तीन प्रश्न आहेत. पैसा कुणाचा खर्च होतोय? कारभार कुणाच्या हातात आहे, म्हणजे शेवटी सही कुणाची चालते? आणि ज्याला हे पटत नाही त्याच्यावर सक्ती होतेय का? एकाच माणसाची या तिन्हीवर तीन वेगळी मतं असू शकतात आणि त्यात काहीही विसंगत नाही.

आपल्याकडची आषाढीची शासकीय महापूजाच घ्या. मध्यरात्रीनंतर दोन-अडीचच्या सुमाराला मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची पूजा करतात, दर्शनाच्या रांगेतलं एक जोडपं मानाचे वारकरी म्हणून त्यांच्या शेजारी उभं राहतं, त्या जोडप्याला एसटीचा वर्षभराचा फुकट पास मिळतो. "हे सेक्युलर आहे का" असं विचारलं की झालंच, भांडण पेटलं. फोडून विचारा. पैसा? पूजेला असा कितीसा लागतो, बंदोबस्त काय तो मोठा, आणि लाखो लोक येणार म्हटल्यावर बंदोबस्त कुणीही मुख्यमंत्री असला तरी लागणारच. सक्ती? वारकऱ्यांवर तर नाहीच. पण मुख्यमंत्रिपदावर येणाऱ्या माणसानं ही पूजा करायचीच का, हा प्रश्न उरतो, आणि "असं कुठे होतंय" म्हणून तो उडवता येत नाही, १९८० मध्ये मुस्लीम असलेले अंतुले मुख्यमंत्री झालेच होते की. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी आक्षेप घेतल्यावर मधे ही शासकीय पूजा बंदही पडली होती, मग दुष्काळ आला, लोक म्हणायला लागले विठोबा कोपला, आणि पूजा परत सुरू झाली. २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे फडणवीस पंढरपूरला गेलेच नाहीत, मुंबईत घरी पूजा केली. म्हणजे मुख्यमंत्री न जाता आषाढी पार पडते हे आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. माझं मत विचाराल तर मुख्यमंत्र्यानं वारकरी म्हणून जावं, रांगेतून जावं, पण "शासकीय" हा शब्द त्यातून काढावा. माझ्या घरातल्याच लोकांना हे पटत नाही. ते म्हणतात राज्याचा प्रमुख विठ्ठलापुढे वाकतो यातच सगळं आलं. हा मुद्दा मला हरवता आलेला नाही, पण निदान आम्ही आता एकाच गोष्टीवर भांडतोय एवढं तरी झालं.

मग घटना उघडा, चारच कलमं आहेत

खरंच चारच आहेत, २५ ते २८. मोबाईलवर मराठी पीडीएफ मिळते, डाउनलोड करून ठेवा, कारण या वादात नव्वद टक्के लोक घटनेचं नाव घेतात आणि घटना उघडत कुणीच नाही (टक्केवारी माझ्या मनाची आहे, हरकत घेऊ नका).

२५ मध्ये धर्म पाळायचं, आचरायचं आणि प्रसार करायचं स्वातंत्र्य आहे, पण सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून अशी होते. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सरकारला धर्माशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय, ऐहिक व्यवहारांवर नियंत्रण आणता येतं, समाजसुधारणेसाठी कायदा करता येतो, आणि सार्वजनिक हिंदू देवस्थानं सगळ्या जातींना खुली करता येतात असं स्पष्ट लिहिलंय. हा भाग वाचला की "आपल्या घटनेत धर्म आणि सरकार यांच्यात भिंत आहे" हे वाक्य गळून पडतं. भिंत नाहीये. दार आहे, आणि दाराची कडी बऱ्याचदा सरकारच्या बाजूला आहे.

२६ मध्ये धर्मपंथांना आपला धार्मिक कारभार आपण बघायचा हक्क. २७ मध्ये एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर लावता येत नाही. २८ मध्ये पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, म्हणजे झेडपीची शाळा आली यात, आणि अनुदानित शाळेत मुलाच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही.

आता एक गोष्ट आधीच मान्य करून टाका म्हणजे समोरच्याचा पहिला बाण वाया जाईल. प्रास्ताविकेत "धर्मनिरपेक्ष" हा शब्द १९५० मध्ये नव्हता, ४२ व्या घटनादुरुस्तीनं १९७६ मध्ये, आणीबाणीत आला. खरं आहे, हो म्हणा. इतकंच कशाला, घटना समितीत प्रा. के. टी. शहांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिल्याच कलमात "सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट" घाला अशी दुरुस्ती मांडली होती, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती पडली. हेही खरं. पण मग पुढचं सांगा की २५ ते २८ ही कलमं पहिल्या दिवसापासून आहेत, केशवानंद भारती निकालात सुप्रीम कोर्टानं राज्याचं सेक्युलर स्वरूप घटनेच्या मूलभूत चौकटीत (म्हणजे संसदेलाही मोडता येत नाही अशा भागात) धरलं ते १९७३ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या आधी, १९९४ च्या बोम्मई निकालात ते पक्कं झालं, आणि प्रास्ताविकेतून शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. शब्द काढला तरी कलमं राहतात. त्यामुळे शब्दावर भांडण्यात वेळ घालवू नका.

याच्यापेक्षा मला आवडतो तो १७ ऑक्टोबर १९४९ चा किस्सा. प्रास्ताविकेवर चर्चा चालू होती. मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत उठले आणि म्हणाले सुरुवात "ईश्वराच्या नावानं" अशी करा. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले देवाच्या नावानं तर देवीच्या का नाही, आम्ही शाक्त लोक आहोत. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै स्वतः देव मानणारे, पण त्यांचं म्हणणं असं की जो मानत नाही त्याच्यावर ही सक्ती होते. कुंझरूंना तर हा विषय मताला टाकण्याचंच वाईट वाटत होतं. शेवटी मतदान झालंच. बाजूनं ४१, विरोधात ६८. देव हरला. आणि हरवणाऱ्यांत रोज पूजा करणारे कितीतरी असणार, कारण सभागृह काही नास्तिकांनी भरलेलं नव्हतं. हे कुणी "सेक्युलर म्हणजे देवाचा द्वेष" असं म्हणालं की सांगायला फार उपयोगी पडतं. आणि कामतांच्या बाजूच्यांनाही सांगण्यासारखं आहे की देव पूर्ण बाहेर गेला नाही, शपथेच्या नमुन्यात दोन्ही पर्याय राहिले, आजही आमदार "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" म्हणतो नाहीतर "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" म्हणतो, ज्याची त्याची मर्जी.

पैशाचा मुद्दा

इथे सगळ्यात जास्त ठोकाठोकी होते आणि सगळ्यात जास्त खोटे फॉरवर्ड इथेच. हज सबसिडीपासून सुरुवात होते. तर, हज सबसिडी बंद झाली आहे, जानेवारी २०१८ मध्ये. त्याआधी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं दहा वर्षांत हळूहळू संपवा असं सांगितलं होतं. अजूनही चालू आहे म्हणून कुणी मेसेज टाकला तर एवढं सांगा आणि पुढे चला. मात्र तिचं समर्थन करणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं की ती कुणाला फार उपयोगी होती असं नाही, विमानभाड्यातच जायची.

पण त्यातला खरा मजेशीर भाग म्हणजे २०११ चा प्रफुल्ल गोरडिया निकाल. हज सबसिडी कलम २७ च्या विरुद्ध आहे असा दावा होता. कोर्ट म्हणालं, कराचा भरीव हिस्सा, उदाहरणार्थ इन्कम टॅक्सचा पाव भाग, एका धर्मासाठी गेला तर २७ चा भंग, किरकोळ खर्च झाला तर नाही. म्हणजे सरकारनं धर्माशी संबंधित कामावर एक रुपया घातला की घटना मोडली असं आपलं घटनाशास्त्र म्हणतच नाही. या निकालानं हज सबसिडी वाचली तशीच कुंभमेळ्याच्या खर्चाचीही सोय झाली. मला स्वतःला ही "भरीव" वाली फूटपट्टी फार ढिली वाटते, कारण तिच्यात बसणार नाही असा खर्च शोधूनही सापडणार नाही.

आणि २९० क माहितीये का? नसेल तर बघा, कारण हे ऐकून भलेभले गप्प होतात. कलम २७० वगैरेच्या पुढे, आर्थिक कलमांच्या गर्दीत, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं घातलेलं एक छोटंसं कलम आहे, इंग्रजीत २९० ए. केरळ सरकारनं दर वर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला (म्हणजे देवळांच्या निधीला) द्यायचे आणि तमिळनाडूनं १३ लाख ५० हजार रुपये तिथल्या देवस्वम निधीला. घटनेत. आकड्यासकट. कारण संस्थान विलीन होताना देवळांच्या जमिनी आधीच राजाकडे गेल्या होत्या आणि त्याची भरपाई चालू ठेवायचा शब्द दिलेला होता. "सरकार मंदिरांना छदाम देत नाही" आणि "सेक्युलर देशात सरकारनं देवळाला पैसे देणं बेकायदा आहे", दोन्ही वाक्यं या एका कलमापुढे टिकत नाहीत.

सोमनाथचं उदाहरणही नीट वापरा. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल जुनागढला गेले तेव्हा सोबत आपले काकासाहेब गाडगीळ होते, बांधकाम खात्याचे मंत्री म्हणून, आणि मंदिर परत बांधायचं तिथेच जाहीर झालं. गांधीजींचं म्हणणं पडलं की बांधा, पण सरकारच्या तिजोरीतून नको, लोकांच्या वर्गणीतून बांधा. मग ट्रस्ट झाला. ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्राणप्रतिष्ठेला गेले, नेहरूंचा विरोध असताना. यात पैसा आणि पद हे दोन वेगळे प्रश्न कसे वेगळे वागतात ते स्वच्छ दिसतं, पैशावर बऱ्यापैकी एकमत झालं, पदावर झालं नाही.

कुंभावर बोलताना मी तरी एवढंच विचारतो की रस्ता, संडास, पाणी, पोलीस, दवाखाना यावरचा खर्च आणि आखाड्यांसाठीचा खर्च वेगळा काढून दाखवता येतो का. पहिला खर्च कुणालाही करावाच लागेल, पाऊण कोटी माणूस गोदाकाठी येणार असेल तर त्याचा धर्म विचारून संडास बांधत नाहीत.

कारभार: इथे दोन्ही बाजूंना घाम फुटतो

"सरकार फक्त मंदिरंच ताब्यात घेतं, मशिदी-चर्चना हात लावत नाही." हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार आहेच, तेव्हा तयारी इथे करा.

यात तथ्य आहे का? आहे. पंढरपूरसाठी १९७३ चा वेगळा कायदा आहे, सिद्धिविनायकसाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा, शनिशिंगणापूरसाठी २०१८ मध्ये केला. कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे अंबाबाई, जोतिबा धरून तीन हजारांहून जास्त देवळं आहेत. समित्यांवर कोण बसतं ते पेपरात येतं, सत्ता बदलली की समिती बदलते, आणि ज्याला महामंडळ मिळालं नाही त्याला देवस्थान मिळतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानचे ५०० कोटी बिनव्याजी द्यायचं ठरलं होतं. कालवा हवाच होता, दुष्काळी गावं आहेत ती, पण भक्तानं पेटीत टाकलेला पैसा धरणाला लावायचं ठरवणारे कोण, हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. तेव्हा हे मान्य करा.

पण अर्धंच सांगू नका. महाराष्ट्रात मूळ कायदा आहे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, आणि धर्मादाय आयुक्ताकडे देऊळ, जैन संस्था, चर्चचे ट्रस्ट सगळेच नोंदवले जातात. वक्फसाठी वेगळा केंद्रीय कायदा आहे, १९९५ चा, वक्फ बोर्डाचा मुख्य अधिकारी सरकार नेमतं, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर तर सरकारचा हात आणखी आत गेला म्हणून मुस्लीम संघटना कोर्टात गेल्या. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ चा कायदा आहे, २०२४ मध्ये बोर्डावर सरकारनियुक्त सदस्य वाढवायचं मंत्रिमंडळानं ठरवलं तर शीख संघटना किती भडकल्या ते आठवा. गोव्यात देवस्थानं अजून पोर्तुगीज काळातल्या नियमांवर चालतात, महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरेनं हक्कदार) कोण ते ठरलेलं, आणि मामलेदार प्रशासक म्हणून वर बसलेला. म्हणजे सरकार सगळ्यांच्याच घरात आहे, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या थेट देवघरात. तक्रार करायचीच तर हे अंतर सगळीकडे सारखं का नाही ही करा, ती जास्त टिकते.

हा १९५० चा कायदा आला तेव्हाच त्याला आव्हान दिलं होतं, रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य, १९५४, जैन ट्रस्टचं प्रकरण. सुप्रीम कोर्टानं बहुतेक कायदा ठेवला, हिशोब मागा, ऑडिट करा, नोंदणी सक्तीची करा, चालेल म्हणाले. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त नेमायची तरतूद उडवली. म्हणजे हिशोब तपासायचा, खुर्चीत बसायचं नाही. मला ही रेघ आजही सगळ्यात शहाणी वाटते. या रेघेवर मोजलं तर आपले बरेचसे देवस्थान कायदे रेघेच्या पलीकडे गेलेले दिसतात.

मग पंढरपूरचं काय? तिथे मात्र माझं मत बदलतं, आणि का ते सांगतो. साने गुरुजी १९४७ मध्ये तिथे उपोषणाला बसले ते अस्पृश्यांना विठ्ठलाच्या दारात प्रवेश मिळावा म्हणून. संतांनी जातपात मोडली म्हणून आपण कीर्तनात सांगतो आणि चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर. मंदिर उघडलं, पण कारभार आणि उत्पन्न बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरेत राहिलं. भाविकांच्या तक्रारी इतक्या झाल्या की नाडकर्णी आयोग नेमावा लागला, त्यावरून १९७३ चा कायदा झाला, वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. मग कोर्टबाजी, प्रत्यक्ष ताबा १९८५ मध्ये, आणि शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टात जानेवारी २०१४ मध्ये. कायदा झाल्यावर चाळीस वर्षं. त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी नेमायला सगळ्या जातींच्या लोकांकडून, बायकांकडूनसुद्धा अर्ज मागवले. आता "सरकारनं देवळातून बाहेर पडावं" असं म्हणणाऱ्याला माझा प्रश्न असतो की बाहेर पडावं, कबूल, पण चावी कुणाच्या हातात द्यायची? परत बडव्यांच्या? वारकऱ्यांच्या फडांच्या? निवडणूक घेऊन भाविकांच्या, आणि मतदार कोण धरायचे? याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी बोलायला मजा येते. ज्याच्याकडे नाही त्याला बडवे माहीतच नसतात असा अनुभव आहे.

धर्म बदलून बघायची चाचणी

हे सगळ्यात सोपं हत्यार आणि स्वतःवर आधी चालवायचं. जे काही मत आहे त्यात धर्माचं नाव बदला आणि तेच वाक्य तोंडातून निघतंय का बघा.

शनिशिंगणापूरला बायकांना चौथऱ्यावर जाऊ द्या म्हणून हायकोर्टानं १ एप्रिल २०१६ ला १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्याचा दाखला दिला, आठवड्यानं गुढीपाडव्याला बायका चौथऱ्यावर गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच हायकोर्टानं हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जायला बंदी घालणं चूक ठरवलं आणि दर्ग्याच्या ट्रस्टनं पुढे सुप्रीम कोर्टात ते मान्य केलं. एकावर टाळ्या आणि दुसऱ्यावर "आमच्या धर्मात ढवळाढवळ" असं ज्याचं होतं, त्याच्या बाजूला सेक्युलर लिहू नका आणि धार्मिकही लिहू नका.

उलट्या दिशेनंही चालवा. बहिष्कृत करायची प्रथा बंद करणारा कायदा मुंबई राज्यानं १९४९ मध्ये केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, पंथाच्या कारभाराचा हक्क म्हणून. आणि मग आपल्याकडे जातपंचायतींचे वाळीत टाकायचे प्रकार इतके गाजले की २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी नवा कायदा करावा लागला. सरकारनं धर्मात पडू नये हे ऐकायला छान आहे, पण वाळीत पडलेल्या माणसाला विचारून बघा. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लीम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला तो तोंडी तलाकविरुद्ध कायदा करा म्हणून, सरकारनं लांब राहावं म्हणून नाही. त्यांना तेव्हा स्वतःला सेक्युलर म्हणवणाऱ्यांपैकी कितीजणांनी उघड साथ दिली, हा प्रश्न आमच्या बाजूच्यांनी गिळायचा असतो.

परदेशाचे दाखले देताना जपून

अमेरिकेत भिंत आहे म्हणतात, तो शब्दप्रयोग जेफरसनच्या १८०२ च्या पत्रातला, घटनेत तो नाही, आणि तिथल्या काँग्रेसचं कामकाज रोज प्रार्थनेनं सुरू होतं, पगारी धर्मोपदेशक आहे त्यासाठी. फ्रान्सचा १९०५ चा कायदा कडक आहे, पण जुनी कॅथेड्रल सरकारी मालकीची आहेत, नोत्र दाम धरून, आणि अल्सास-मोझेल भागात पाद्री आणि रब्बींना सरकारच पगार देतं, कारण कायदा झाला तेव्हा तो भाग जर्मनीकडे होता. इंग्लंडचा राजा चर्चचा प्रमुख आहे, वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात. तुर्कस्तान स्वतःला सेक्युलर म्हणवतं आणि इमामांना पगार सरकारी खात्यातून मिळतो. "जगात कुठेच असं नसतं" हे वाक्य कुणी म्हटलं की समजायचं हा कुठे गेलेला नाही, गूगलवरसुद्धा. आणि गोवेकर असाल तर १९१० सांगा, पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, चर्चचं सरकारी स्थान गेलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. सेक्युलॅरिझमचा फायदा फक्त अल्पसंख्याकांना होतो म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिथे जुन्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात) राज्यकर्त्यांचा धर्म वेगळा होता आणि हक्कांबाहेर राहिले होते ते आपलेच लोक.

सक्ती झाली तर मात्र गप्प बसू नका

इथपर्यंत सगळं मतभेदाचं होतं, इथे माझं मन स्वच्छ आहे. नाशिकच्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, त्यावरून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली, आणि २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. २०१४ मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की सरकारी फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही, माझा कोणताच धर्म नाही असं सांगायचा हक्क आहे. हात जोडणारे नव्याण्णव असले तरी न जोडणाऱ्याचा पगार कापायचा नाही, एवढं तरी कुठल्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हावं असं मी धरून चालतो. मान्य नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही, चहा मागवा.

लाउडस्पीकरचं भांडण तर धर्माचं करूच नका. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, रात्री दहा ते सहा बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्याला बारापर्यंत सूट देता येते, आणि लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हे हायकोर्टानं सांगून झालंय. अजान असो, आरती असो, डीजे असो, नियम एकच. तक्रार डेसिबलची आणि वेळेची करा, वर्णनात धर्म लिहू नका, पोलिसांनाही ते सोपं जातं.

आणि खरंच एखाद्या ठिकाणी सरकारी पैसा धार्मिक कार्यक्रमाला गेलाय असा संशय असेल तर वाद घालण्याआधी कागद मागवा. नगरपालिका, झेडपी, जे कार्यालय असेल तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे जोडपत्र अ मधला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "धार्मिक कार्यक्रमांवर किती खर्च केला" असं मोघम विचारलं तर "अशी माहिती संकलित नाही" असं उत्तर येतं, त्यामुळे कार्यक्रमाची तारीख टाका, ठराव क्रमांक माहीत असेल तर तो टाका, आणि खर्चाच्या मंजुरीची प्रत, बिलांच्या प्रती, लेखाशीर्ष असं सुटंसुटं मागा. देवस्थान ट्रस्टचा हिशोब हवा असेल तर धर्मादाय कार्यालयात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक घेऊन जा, परिशिष्ट एकचा उतारा आणि ऑडिट रिपोर्टची प्रत मागा, विश्वस्त कोण आहेत तेही त्यातच कळतं आणि बऱ्याचदा वारलेल्या माणसांची नावं अजून चालू असलेली सापडतात. माहिती अधिकाराचं उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.